अंगरख्यावरचा गंज

जेफ्री चॉसर या इंग्रज कवीचं नाव कागदावर पहिल्यांदा उमटतं ते १३५७ साली, आणि तेही कपड्यांच्या हिशेबात. तिसऱ्या एडवर्ड राजाची सून, अल्स्टरची काउंटेस एलिझाबेथ, हिच्या पदरी तो तेव्हा पोरसवदा हुजऱ्या होता. तिच्या घरखर्चाच्या वहीत नोंद आहे, की या पोराला एक आखूड बंडी, तांबडे-काळे तंग पायमोजे आणि जोडे घेऊन दिले. पुढे कुणीतरी त्या वहीची पानं दुसऱ्याच एका हस्तलिखिताच्या बांधणीत चिकटवून टाकली, म्हणून ती टिकली. अंगाला घट्ट बसणाऱ्या असल्या आखूड बंड्या त्या काळच्या मठवासी बखरकारांना बिलकूल खपत नसत. तेव्हा इंग्रजी कवितेचा हा आद्य पुरुष आपल्याला पहिल्यांदा दिसतो तो मालकिणीच्या पैशानं घेतलेल्या, वडीलधाऱ्यांना न रुचणाऱ्या कपड्यांत.

कापडानं पुढेही त्याची पाठ सोडली नाही. १३७४ पासून बारा वर्षं तो लंडन बंदरात लोकर आणि कातड्यांच्या जकातीवर देखरेख करत होता. १३८६ मध्ये त्याला एका खटल्यात साक्ष द्यावी लागली. निळ्या ढालीवर तिरपा सोनेरी पट्टा हे चिन्ह मिरवायचा हक्क कुणाचा, सर रिचर्ड स्क्रोपचा की सर रॉबर्ट ग्रोव्हनरचा, यावरून दोन सरदार घराणी भांडत होती. चॉसरनं सांगितलं, की फ्रान्सच्या मोहिमेत हे चिन्ह आपण स्क्रोपच्या अंगावर पाहिलं होतं. नंतर एकदा लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवर एका सराईबाहेर तेच टांगलेलं दिसलं, म्हणून आपण सहज चौकशी केली, तर उत्तर आलं की हे ग्रोव्हनरांचं. ते नाव आपण तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं! खटला शेवटी स्क्रोपनं जिंकला. रस्त्यानं जाताना दारावरचं चिन्ह बघून थबकणारा, हे कुणाचं असं विचारणारा हा माणूस वर्षभरातच ‘कँटरबरी टेल्स’ लिहायला बसला असावा, असं अभ्यासक मानतात.

त्या काळात कपडा ही खाजगी आवडनिवड नव्हती. १३६३ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटनं कुणी काय ल्यावं आणि काय खावं याचा कायदाच केला. नांगऱ्यानं, गाडीवानानं जाडंभरडं घोंगडीवजा लोकरी कापड वापरावं. कारागिरानं रेशीम, सोनं, चांदी अंगावर घालू नये, कमरपट्ट्याला नाही आणि सुरीलाही नाही. त्याच्या बायकोनं रेशमी ओढणी घेऊ नये. अशा कायद्याची गरज पडली यातच सगळं आलं. १३४८-४९ च्या प्लेगनं माणसं इतकी गेली, की जी उरली त्यांच्या हाताला भाव आला, हाती पैसा आला आणि पैशानं पहिली झेप घेतली ती अंगावर. कायदा दोनेक वर्षांतच मागे घ्यावा लागला. पण कुठल्या अंगावर काय शोभतं याची नजर समाजात पक्की होती. ती पक्की असल्याशिवाय लेखकाला तिच्याशी खेळता येत नाही.

‘कँटरबरी टेल्स’मध्ये यात्रेला निघून वाटेत गोष्टी सांगणाऱ्या मंडळींत पाच कारागीर आहेत: सुतार, विणकर, रंगारी, भिंतीवरचे पडदे विणणारा आणि एक किरकोळ मालाचा दुकानदार. पाचही जणांना कवीनं एकाच झटक्यात गुंडाळलंय. कुणाला नाव नाही, चेहरा नाही. सगळ्यांच्या अंगावर त्यांच्या संघाचा एकसारखा पोशाख. आणि तरी तो थांबून एक गोष्ट सांगतो: यांच्या सुऱ्यांची म्यानं पितळेची नव्हती, चांदीची होती. कमरपट्टे आणि बटवेही त्याच तोलामोलाचे. एका पिढीपूर्वी जे कायद्यानं मना केलं होतं ते सगळं यांनी कमरेला लटकवलंय. घरी बायकांना ‘मॅडम’ म्हणवून घ्यायचंय आणि चर्चमध्ये जाताना मागे कुणीतरी झग्याचा घोळ धरून चालावं अशी हौस आहे. पाच माणसांचा मिळून एकच स्वभाव, तो चांदीच्या म्यानातून दिसला. कवी एका शब्दानं टीका करत नाही. उलट म्हणतो, प्रत्येक जण नगरशेट व्हायच्या लायकीचा!

पोशाखावरून पायरी कळते हे मध्ययुगात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. लेखकाची करामत त्यापुढची. पायरी आणि पोशाख जिथे नीट बसत नाहीत, कुठे घट्ट होतात, कुठे लोंबतात, तिथून माणूस डोकावतो. निदान मला तरी या सगळ्या साहित्यात पुन्हा पुन्हा हेच दिसत आलंय, आणि ते चॉसरपुरतं नाही.

वर्णनाची शिस्त तेव्हाच्या पंडितांनी आखून दिली होती. बाराव्या-तेराव्या शतकातले मॅथ्यू ऑफ व्हेंडोम आणि जेफ्री ऑफ विन्सॉफ हे अलंकारशास्त्री सांगत, की नायिकेचं वर्णन केसांपासून सुरू करावं, मग कपाळ, भुवया, डोळे, नाक असं पायरीपायरीनं पावलांपर्यंत उतरावं. आपल्याकडच्या नखशिखान्त वर्णनाचाच हा भाऊबंद. महानुभाव कवी नरेंद्राच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’तली रुक्मिणी काय किंवा फ्रेंच प्रेमकथांमधली कुठली राजकन्या काय, वर्णन अप्रतिम असतं, पण एकीचं उचलून दुसरीला चिकटवलं तरी फारसं बिघडत नाही. ते रूप आदर्शाचं. देवाच्या किंवा देवीच्या वर्णनात हेच हवं असतं, ती उणीव नाही. मात्र स्वभाव शोधायचा तर दुसरीकडे जावं लागतं.

चॉसरनं हा क्रम मोडला. त्याच्या प्रस्तावनेत बूट आधी आणि चेहरा नंतर, घोडा आधी आणि माणूस नंतर, कधी आवाजापासून सुरुवात तर कधी मधेच नाकावरची चामखीळ. साउथवर्कच्या ‘टॅबर्ड’ सराईत एकोणतीस यात्रेकरू जमलेत आणि कोपऱ्यातला एक जण एकेकाकडे बघतोय. माणसाचं लक्ष जसं भटकतं तसं वर्णन भटकतं.

पहिला सरदार. बंदरगावांपासून सीमेवरच्या लढायांपर्यंत त्याच्या मोहिमांची यादी मोठी आहे. घोडे चांगले, पण स्वारी झगमगीत नाही. अंगात जाड सुती अंगरखा, आणि त्यावर चिलखताच्या कड्यांच्या गंजाचे डाग. मोहिमेवरून परतला तो कपडे न बदलता थेट यात्रेलाच निघाला. शतकानुशतकं वाचकांनी या डागांत निरहंकारी शौर्य वाचलं. मग १९८० मध्ये ‘मॉन्टी पायथन’मधल्या टेरी जोन्स या विनोदी नटानं एक आख्खं पुस्तक लिहून म्हटलं, की हा सरदार नव्हेच, हा भाडोत्री लढवय्या आहे; खानदानी माणसाच्या अंगावर असला कळकट अंगरखा असतो का? बहुतेक पंडितांनी ते मानलं नाही, मलाही ते सगळं पटत नाही. पण एकाच डागातून दोन माणसं निघू शकतात, हे जोन्सनं दाखवून दिलं ते उपयोगाचं. शेजारी मुलगा उभा आहे, विशीचा, कुरळ्या केसांचा, लांब बाह्यांच्या आखूड झग्यावर लाल-पांढऱ्या फुलांचं भरतकाम केलेला. बापाच्या गंजामुळे मुलाची फुलं दिसतात आणि मुलाच्या फुलांमुळे बापाचा गंज.

मठाची प्रमुख जोगीण, मादाम एग्लंटीन, हिच्यावर तर समीक्षकांनी वह्याच्या वह्या भरल्यात. डोक्यावरचं शुभ्र वस्त्र चापूनचोपून चुण्या पाडलेलं. कपाळ जवळजवळ वीतभर रुंद. जोगिणीचं कपाळ मुळात दिसायलाच नको, आणि इथे ते मोजता येतंय! हातात पोवळ्यांची जपमाळ, त्यात हिरवे मोठे मणी, आणि माळेला सोन्याचा ब्रोच; त्यावर मुकुट घातलेलं एक अक्षर आणि प्रेम सगळ्यांवर मात करतं अशा अर्थाचं लॅटिन वचन. कोणतं प्रेम, देवाचं की दुसरं, हे ब्रोच सांगत नाही. इतिहासकार आयलीन पॉवर यांनी १९२० च्या दशकात बिशपांच्या तपासणीची दप्तरं चाळून दाखवलं, की कपाळं, दागिने आणि पाळलेली कुत्री या तीन गोष्टींवरून जोगिणींना वर्षानुवर्षं तंबी मिळत होती आणि त्या वर्षानुवर्षं ऐकत नव्हत्या. एग्लंटीनकडे तिन्ही आहेत. तरी तिला ढोंगी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लहानपणी घरच्यांनी मठात घातलेल्या चांगल्या घरच्या मुली त्या काळी पुष्कळ होत्या. एरवी जी एखाद्या गढीवर पंगतीला बसली असती, तिनं मठाच्या नियमात मावेल तेवढी हौस माळेच्या टोकाला लावून घेतली. पुढे ती जी गोष्ट सांगते ती ज्यूद्वेषानं भरलेली आहे, ते मात्र पचत नाही. आणि ब्रोचमधून त्याचा काहीही सुगावा लागला नव्हता. तिच्यापुढचा बाहीला उंची फर लावणारा, शिकारी कुत्रे बाळगणारा, चकाकत्या टकलाचा साधू फारच सोपा वाटतो.

आता बाथची बाई. बाथजवळची ही विणकरीण, कापडाच्या कामात ईप्र आणि गेंटच्या नावाजलेल्या विणकरांना मागे टाकणारी. रविवारी डोक्याला बांधायची ती वस्त्रं कवीच्या अंदाजानं दहा पौंडांची, म्हणजे साडेचार किलो वजनाची! पायमोजे लालभडक, तंग आवळलेले. जोडे मऊ आणि कोरे. प्रवासात डोक्यावर ढालीएवढी टोपी, रुंद कमरेभोवती गुंडाळलेला घोळ आणि पायाला अणकुचीदार आऱ्या. लाल रंग तेव्हा किरमिजी किड्यांपासून निघे आणि त्याचं कापड चांगलंच महाग असे. टीकाकारांनी यात गर्व पाहिला आणि गर्व आहेही. चर्चमध्ये दानाला दुसरी बाई आपल्यापुढे गेली की हिचं डोकं फिरतं. पण माझ्या मते हिशेबही आहे. कापड विकणारी बाई भरल्या चर्चमध्ये साडेचार किलो माल डोक्यावर घेऊन उभी राहते, यापरती जाहिरात कोणती? लोकरीच्या जकातीवर बारा वर्षं बसलेल्या माणसाच्या हे ध्यानात आलं नसेल असं वाटत नाही.

या बाईच्या देहावर दोन खुणा आहेत. एक, दातांत फट. त्या काळच्या मुखसामुद्रिकात या फटीला अर्थ होता, आणि बाई स्वतःच सांगते की आपण अशा फटीच्या आणि शुक्राच्या अंमलाखाली जन्मलेल्या. म्हणजे नशीब. दुसरी खूण कवीनं वर्णनाच्या अगदी सुरुवातीलाच, जाता जाता सांगून टाकलीय: बाई जराशी बहिरी होती, हे वाईट झालं. बस्स. का बहिरी, हे विचारायचंही आपल्याला सुचत नाही.

त्याचं उत्तर शेकडो ओळींनंतर तिच्याच तोंडून येतं. चौथ्या नवऱ्याच्या अंत्ययात्रेत रडण्याचं सोंग करताना तिची नजर जँकिन नावाच्या पोराच्या पायांवर गेली. पाय सुबक होते. तो विशीचा, ती चाळिशीची. महिन्याभरात लग्न. जँकिनकडे एक ग्रंथ होता, वाईट बायकांच्या कथांचा. हव्वेपासून सुरुवात, मग नवऱ्यांना फसवणाऱ्या, मारणाऱ्या साऱ्या बायका ओळीनं. रोज रात्री शेकोटीपाशी बसून तो हसत हसत तिला वाचून दाखवायचा. एका रात्री तिनं त्या ग्रंथाची तीन पानं टरकन फाडली आणि त्याला असा ठोसा दिला, की तो उताणा आगीत पडला. त्यानं उठून तिच्या डोक्यात तडाखा हाणला. कान गेला तो तेव्हा. पुढे समेट झाला, घरादाराचा कारभार तिच्या हाती आला आणि ग्रंथ तिनं जाळायला लावला.

दातांची फट ग्रंथांतून आलेली आणि बहिरा कान ग्रंथामुळे आलेला! एकाच बाईच्या अंगावर चॉसरनं जुनी रीत आणि नवी रीत शेजारी शेजारी ठेवली. फट सांगते ही जन्मतःच अशी, कान सांगतो हिच्या बाबतीत काय घडलं. बायकांविषयी पुरुषांनी लिहिलेलं सगळं जिला रोज ऐकवलं जायचं, तिला आता नीट ऐकू येत नाही. मध्ययुगातल्या कुठल्याही साहित्यात देहाच्या एका तपशिलानं इतकं मोठं ओझं उचलल्याचं मला आठवत नाही.

मुखसामुद्रिकाचा पसारा तसा मोठा होता. ॲरिस्टॉटलनं सिकंदराला लिहिलेलं पत्र म्हणून खपवलेला एक अरबी ग्रंथ लॅटिनमधून युरोपभर पसरला, त्यात नाका-डोळ्यांवरून नोकर कसे निवडावेत हेही होतं. आपल्याकडच्या सामुद्रिकाच्या पोथ्या ज्यांनी चाळल्यात त्यांना हे ओळखीचं वाटेल. चॉसरनं त्याचाही वापर केला. नाकावरच्या चामखिळीत डुकराच्या कानातल्या केसांसारखे लाल केस उगवलेला चक्कीवाला, तोंडावर पुरळ भरलेला आणि पोरांना धडकी भरवणारा चर्चच्या कोर्टाचा समन्सवाला, पोटऱ्या नसलेल्या काटकुळ्या पायांचा कारभारी. वाचताना मजा येते, पण यांत चेहऱ्यानं निकाल आधीच दिलेला असतो. अपवाद पापक्षमेची पत्रं विकणाऱ्याचा. मेणासारखे पिवळे केस, दाढी नाही, आवाज बकरीचा. नव्या फॅशनीनं टोप न घालता घोड्यावर बसलेला, आणि पोतडीत मेरीमातेचा पदर म्हणून उशीचा अभ्रा. स्वतःचं ढोंग तो सहप्रवाशांना रंगवून सांगतो आणि नंतर त्यांनाच माल विकायला बघतो. या माणसाचं नेमकं काय आहे ते निवेदकालाही कळत नाही. तो नुसता तर्क करतो. तो तर्क अजून संपलेला नाही.

चॉसरकडची सगळ्यात जिव्हारी लागणारी कपड्यांची गोष्ट प्रस्तावनेत नाहीच, ती ग्रिसेल्डाच्या कथेत आहे. बोकाच्चोच्या ‘डेकॅमेरॉन’मधली ती शेवटची कथा, पेत्रार्कनं ती लॅटिनमध्ये नेली, तिथून ती चॉसरकडे आली. गरीब शेतकऱ्याच्या मुलीशी एक उमराव लग्न ठरवतो आणि तिच्या घरच्या उंबऱ्याशीच तिचे जुने कपडे उतरवून नवे घालायला सांगतो. सोबतच्या सरदारणींना त्या जुनेऱ्याला हात लावायची किळस येते. पुढे अनेक वर्षं तिचा छळ करून, मुलं हिरावून, तो तिला परत पाठवतो. ती म्हणते, आल्या अंगानं जाईन, पण माझं कौमार्य इथे राहिलंय, त्याच्या बदल्यात एक कुडतं तरी असू द्या. अनवाणी, उघड्या डोक्यानं ती माहेरी येते. बाप तिचा जुना अंगरखा घेऊन धावतो, तिच्या अंगावर घालू बघतो, आणि तो बसत नाही. कापड मुळात भरड, त्यात इतक्या वर्षांचं जुनं. ग्रिसेल्डाला त्या काळचे लोक सहनशीलतेचा पुतळा मानत. आपल्याला ती सोसत नाही. पण तो न बसणारा अंगरखा पुतळ्याचा नाही. नेसत्या वस्त्रानिशी घराबाहेर काढलेल्या बाईला माहेरही पहिल्यासारखं उरत नाही, हे चॉसरनं कापडाच्या मापात सांगितलं.

तिकडे आइसलँडमध्ये गद्य कथाकारांची वेगळीच तऱ्हा. तेराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या सागांमध्ये मनात काय चाललंय हे जवळपास कधीच सांगत नाहीत. माणूस रागावला तर त्याचा चेहरा लाल झाला, मग पांढरा पडला, एवढंच. त्यामुळे कपड्याला बोलावं लागतं. ‘लॅक्सडेला सागा’तली गुद्रुन नकोशा नवऱ्याला इतक्या खोल गळ्याचा सदरा शिवून देते, की तो घातला म्हणून तिला काडीमोड मिळतो. ‘न्यालची सागा’ तर ऐन मोक्याला कापडावरच चालते. होस्कुल्ड नावाचा तरुण शेतात बी पेरायला जाताना फ्लोसीनं, बायकोच्या काकानं, भेट दिलेला झगा पांघरतो आणि त्याच झग्यात न्यालच्या मुलांकडून मारला जातो. त्याची बायको हिल्डिगुन रक्तानं थबथबलेला झगा घडी करून पेटीत ठेवते. काही दिवसांनी फ्लोसी घरी येतो. ती पंगतीत उठते, पेटी उघडते आणि तोच झगा त्याच्या खांद्यावर टाकते. सुकलेल्या रक्ताचे खडे सगळ्या अंगावरून खडखडत खाली पडतात. काका, हा तुम्हीच दिला होता, आता परत घ्या, असं तिचं म्हणणं. फ्लोसीचा चेहरा क्षणाक्षणाला बदलतो. हिल्डिगुनच्या मनाचं विश्लेषण करायला लेखकानं एक वाक्य खर्चलेलं नाही. पेटीत घडी करून ठेवणं पुरेसं आहे.

तरीही तडजोड होत आली होती. आल्थिंग या सभेत खुनाची भरपाई म्हणून चांदीचा ढीग रचला गेला. वृद्ध न्याल, ज्याला आयुष्यभर दाढी आली नाही आणि ज्यावरून लोक त्याला टोमणे मारत आले, त्यानं चांगुलपणानं त्या ढिगावर एक रेशमी झगा ठेवला. फ्लोसीनं तो उचलून विचारलं, हा कुणी ठेवला? कुणी बोलेना. तो पुन्हा विचारून हसला. असला लांब रेशमी झगा बाईचाही असू शकतो आणि बाप्याचाही, असं अभ्यासक म्हणतात. शंकेला तेवढी फट पुरली. न्यालचा मुलगा स्कार्पहेडिन पुढे झाला. फिकट चेहरा, तीक्ष्ण डोळे, दात पुढे आलेले. तुला काय वाटतं कुणाचा, म्हणाला. फ्लोसीनं बापाच्या दाढीवरून हिणवलं. स्कार्पहेडिननं झगा हिसकावला आणि फ्लोसीच्या अंगावर गडद निळी विजार भिरकावली: तुला हीच जास्त लागेल. पुरुषाला बाई म्हणणं हा तिथे जीव घेण्याइतका गुन्हा होता. चांदी तशीच राहिली, आणि पुढे न्यालचं घर माणसांसकट जाळलं गेलं. एका भल्या माणसाची भेट आणि न उगवलेली दाढी यांतून ही आग लागली. दैव वगैरे बोलायची गरजच पडत नाही.

इंग्लंडच्या वायव्य भागातल्या एका अनाम कवीनं, चॉसरच्याच काळात, गवेन या सरदाराची कथा लिहिली; तिचं एकच हस्तलिखित उरलंय. गवेनच्या ढालीवर पाच टोकांचा न तुटणारा तारा, म्हणजे सद्गुणांची अखंड गाठ, आणि तिचं वर्णन कवी पोटभर करतो. पण गवेन कळतो तो एका हिरव्या रेशमी पट्ट्यानं. यजमानाची बायको त्याला सोन्याची अंगठी देऊ करते, तो नाकारतो. मग ती पट्टा काढते आणि सांगते, हा कमरेला असला की जीव जात नाही. दुसऱ्या दिवशी त्याला कुऱ्हाडीखाली मान द्यायचीय. तो घेतो आणि यजमानापासून लपवतो. मानेला जरासा चरा पडतो, तेवढीच शिक्षा. तो पट्टा तो पुढे लाज म्हणून मिरवतो. दरबारातले बाकीचे मात्र हसतात आणि मानाचं चिन्ह म्हणून प्रत्येक जण तसाच पट्टा घालतो. लाजेची फॅशन झालेली पाहणाऱ्या गवेनचं काय झालं असेल, ते कवीनं वाचकांवर सोडलंय.

या सगळ्यांच्या कितीतरी आधी, अकराव्या शतकाच्या सुरुवातीला, जपानच्या राजदरबारात मुरासाकी शिकिबूनं हा विषयच कथेत आणला. दरबारी स्त्री परपुरुषाला सहसा दिसत नसे. पडद्याखालून बाहेर आलेली बाही दिसे, तिच्यातले एकावर एक रंग दिसत, आणि त्यावरून अख्खी बाई ताडायची. तिच्या ‘गेंजी’ या कादंबरीच्या एका प्रकरणात वर्ष संपताना गेंजी आपल्या वेगवेगळ्या स्त्रियांसाठी नव्या वर्षाचे कपडे निवडतोय. शेजारी त्याची सगळ्यात लाडकी, कथेतली मुरासाकी, बसलीय. तिनं यांतल्या काही जणींना पाहिलेलंच नाही. ती नुसती घड्यांकडे बघते. एकीचे तांबडे-पिवळे रंग बघून ती मनात बांधते, ही ठसठशीत देखणी असणार, पण नाजूकपणा कमी. आकाशी या गावच्या बाईसाठी निघतो तो पांढरा झगा, त्यावर मोहराची डहाळी, फुलपाखरं, पाखरं, आत गर्द जांभळं. मुरासाकी काही बोलत नाही, पण तिला लागतं. आपण त्या क्षणी तीन माणसं वाचतो: समोर नसलेली आकाशीची बाई, निवडणारा गेंजी आणि बघणारी मुरासाकी. लाल नाकाच्या एका गरीब राजकन्येसाठीही गेंजी सुंदर झगा काढतो, आणि मग स्वतःशीच हसतो, कारण तो तिला कसा दिसेल ते त्याला ठाऊक आहे. दुष्टपणा आहे, पण तो तिला विसरलेला नाही हेही खरं.

मराठीत मध्ययुगीन माणसं पोशाखासकट हवी असतील तर मी एकनाथांकडे जाईन. चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी गोळा केल्या त्या ‘लीळाचरित्रा’त रोजच्या जगण्याचे तपशील खच्चून आहेत, पण ते भक्तीनं जपलेले, सोलून बघण्यासाठी नव्हेत. एकनाथांच्या भारुडांत मात्र चॉसरच्या सराईसारखी सगळी रहाटी हजर होते: मोरपिसांच्या टोपीचा वासुदेव, पोत घेतलेला गोंधळी, पंचांगवाला जोशी, जोहार घालणारा महार. फरक असा, की इथे वेष हे सोंग आहे. सादर करणारा तो अंगावर चढवतो, त्या वेषाच्या बोलीत बोलतो आणि बोलता बोलता वासुदेवाच्या तोंडून वेदान्त बाहेर पडतो. ज्याला गावकुसाबाहेर उभं केलं त्याच्या जोहारातून मायबापाला चार शब्द सुनावले जातात. चॉसरचा माणूस आणि त्याचा कपडा यांच्यात फट असते. एकनाथांना ती फट पूर्ण उघडायची आहे, इतकी की कुणीही कुणाचाही वेष घेऊ शकेल. स्वभावचित्रण हा त्यांचा हेतूच नव्हता, आणि म्हणून ती तुलना मी इथेच सोडतो.

चॉसरच्या यात्रेतला खरा सज्जन म्हणजे खेड्यातला गरीब पाद्री. पाऊस असो, वादळ असो, हातात काठी घेऊन पायी घरोघर जाणारा. काठीपलीकडे त्याच्याविषयी डोळ्यांना दिसेल असं काहीही सांगितलेलं नाही. ना झगा, ना नाक, ना दाढी. चांगल्या माणसाला कपडे घालणं चॉसरला जमलं नाही, असं कुणी म्हणू शकेल. मला वाटतं, त्या पाद्र्यात कुठे फटच नव्हती.

आणि निवेदक स्वतः? त्याला कुणी पाहिलंच नव्हतं. यात्रेत सोबत आलेला सराईवाला वाटेत अचानक त्याच्याकडे वळतो: कोण बुवा तू, सारखा जमिनीकडे काय बघतोस, ससा शोधतोयस का? याचा घेर बघा, माझ्यासारखाच. हा कुणाच्या कुशीतला बाहुला! कपड्यांचा उल्लेख नाही. चल, गोष्ट सांग. मग सगळ्यांची बटणं मोजणारा हा माणूस सर टोपाझ नावाच्या सरदाराची कविता म्हणायला लागतो. ओठ गुलाबासारखे, दाढी केशरासारखी कमरेपर्यंत, जोडे कॉर्डोव्हाच्या चामड्याचे, पायमोजे ब्रुझचे, झगा भारी कापडाचा. मग आतलं तलम वस्त्र, त्यावर बंडी, त्यावर जाळीचं चिलखत, त्यावर दुसरं चिलखत, त्यावर पांढराशुभ्र अंगरखा. सगळं नियमानुसार, एकही डाग नाही, आणि आत माणूस नाही. सराईवाल्याचे कान किटतात. तो मध्येच ओरडतो, की पुरे, तुझं हे यमक विष्ठेच्याही लायकीचं नाही, आणि चॉसरला अर्ध्यात थांबवून म्हणतो, त्यापेक्षा गद्यात काहीतरी सांग.